काही लागलं तर सांगा

आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही तिला घणसोलीच्या फ्लॅटवर आणलं. पहिल्या तीन आठवड्यांत सोसायटीतली एकतीस माणसं तिला बघायला आली. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटं. निघताना, एक पाय चपलेत घालून, बहुतेकांनी एकच वाक्य म्हटलं, "काही लागलं तर सांगा हं. अजिबात संकोच करू नका." असं म्हणणारे बावीस. मला मोजायची सवय आहे. बायकोला ती आवडत नाही.

यावर "हो हो, सांगू की" म्हणायचं आणि काहीही सांगायचं नाही, ही रीत मला माहीत होती. इतकी वर्षं मीही ती पाळली. पण आईजवळ बसणारी बाई चार दिवस गावी गेली. बायकोच्या शाळेत परीक्षा, माझी रजा संपलेली. बाकीची वेळ आम्ही दोघं कसंबसं जमवत होतो. प्रश्न होता सकाळी अकरा ते एक, फक्त दोन तासांचा. म्हटलं, सांगून बघू. गरज खरी होती. पण माणसं काय करतात हेही मला बघायचं होतं, ते कशाला लपवू?

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ म्हणाले, "नर्सिंग ब्यूरोची बाई का नाही बघत? नंबर पाठवतो ना." चौथ्या मजल्यावरच्या वहिनी हसल्या. "अहो भाऊजी, मला वाटलं औषधबिवषध आणायचं असेल!" एका घरातून बाहेर पडलो, तर दार लागायच्या आत ऐकू आलं, "आपण बोललो काय, हा लगेच धरूनच बसला!"

बावीस जणांना विचारलं. नऊ जणांनी सल्ला दिला. सात जण घरात विचारून सांगणार होते. उरलेल्या सहांना नेमकं त्याच चार दिवसांत बाहेरगावी जायचं होतं. मी चार दिवस बिनपगारी घरी बसलो. बाहेरगावी जाणाऱ्या सहांपैकी तिघं त्याच दिवसांत मला खाली पार्किंगमध्ये भेटले. त्यांनी मोबाइल कानाला लावला.

एवढं मी धरून चाललो होतो. आईकडे येणं-जाणंच बंद होईल, हे मात्र धरलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज दुपारी येऊन अर्धा तास सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या, आई आपली सांगायची. त्याही येईनाशा झाल्या.

"कशाला इचारायला गेलास रं?" आई म्हणाली. "माणसं दोन शब्द बोलाय येत हुती, मला तेवढं पुरं हुतं. तुला काय मिळालं?"



मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. सून दारात आली. म्हटलं, "आमची बाई परत आलीय. काही काम नाही, आजींना नुसतं गप्पा मारायला पाठवा."

"बघू हं काका. सध्या त्यांचे गुडघे दुखतात." आतून आजींचा टीव्ही ऐकू येत होता. आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत, दोन्ही चालू.

बाई सांगते, दुपारी बेल वाजली की आई आधी पदर सावरते, मग उशीला टेकून बसते. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो.