शंभराचं रेटिंग

रामकलीबद्दल मी घरात कधी कुणाला सांगितलं नाही. विषय तिकडे वळला की पाणी प्यायला उठायचो. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. झालं ते एकदा नीट कागदावर यावं, म्हणून लिहितो.

थंडीतली सकाळ होती. मी लक्ष्मी गेटपाशी स्टॉपवॉच आणि क्लिपबोर्ड घेऊन उभा होतो. समोर पन्नाशीची एक बाई रस्ता झाडत होती, आणि इतक्या वेगाने झाडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

किमान मजुरी लखनौला ठरते. पण झाशीपुरता कंत्राटावर सफाई करणाऱ्या बायकांना त्याहून जास्त दर द्यावा का, याचा विचार तेव्हा चालला होता. त्यासाठी एक समिती नेमली होती. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, वर्क स्टडीत गेली. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून किती माणसं हवीत ते सांगायचं, हे आमचं काम. निवृत्त होऊन रिकामा बसलो होतो. समितीने बोलावलं, लगेच गेलो.

यात एक गोष्ट घड्याळाला कळत नाही. माणूस रोजच्या चालीने काम करतोय की घाईने, हे मोजणाऱ्याने बघून ठरवायचं असतं. त्याला रेटिंग म्हणतात. रोजची चाल म्हणजे शंभर. घाईत असेल तर रेटिंग जास्त लिहायचं, म्हणजे हिशेबात कामाचा वेळ तेवढा वाढवून धरला जातो.

वर्कशॉपमध्ये घड्याळ दिसलं की फिटरचा हात जड व्हायचा. पाना सापडत नसे, बोल्ट नेमका गंजलेला निघे. आम्हीही ते धरूनच चालायचो. इथे उलटं झालं. बायकांना वाटलं, ही परीक्षा आहे, काम आवडलं तर दर वाढेल. म्हणून त्यांनी आपल्यातली सगळ्यांत चपळ बाई पुढे केली. ती रामकली.

"रोज जैसे लगाती हो, वैसे ही लगाओ," मी म्हणालो.

"हओ बाबूजी," म्हणाली, आणि हात आणखी भरभर चालवू लागली.

मागून एक बाई हसली. "जिज्जी, आज तो सड़क घिस जैहै."

"तुम चुप रओ. बाबूजी देख रए."

हसणारी ती तिची धाकटी जाऊ होती. मी थांबून समजावायला हवं होतं. तो नियमच आहे. पण गारठा होता, आणि मी घड्याळ सुरू केलं होतं.

कागदावर मात्र रेटिंग खरं लिहिलं. एकशे तीस. दुसऱ्या दिवशी समितीच्या सचिवांनी त्यावर बोट ठेवलं.

"पुराणिकजी, ये एक सौ तीस क्या है?"

"बहुत जल्दी में थी. रोज ऐसे नहीं कर पाएगी."

"कल तो किया न? देखिए, रेट तभी बढ़ेगा जब कम लोगों में काम निकले. नहीं तो फ़ाइल यहीं सो जाएगी. आप चाहते हैं कि बढ़े?"

"चाहता हूँ."

"तो सौ लिखिए."

मी शंभर लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. बायकांचं भलंच होईल, अशी मनाची समजूत घातली. आणि नोकरी संपल्यावरही आपली सही कुणाला तरी हवी आहे, याचं बरंही वाटलं.

दर वाढला. पण माझ्या आकड्यावरून प्रत्येकीच्या वाट्याचा रस्ताही लांबला. तिघींचं काम दोघींवर आलं आणि तिसरी घरी बसली. घरी बसलेल्यांत रामकलीची जाऊ होती.

काही महिन्यांनी पत्ता काढून मी सीपरी बाजारात रामकलीच्या घरी गेलो. रिक्षात बसून एक वाक्य पाठ केलं होतं. ती पायरीवर गुडघा चोळत बसली होती. मला पाहून उठली, चहा मागवला. मी तोंड उघडण्याआधी तीच बोलली.

"बाबूजी, सब कहत हैं मैंने दौड़ के सबकी रोटी खा लई. देवरानी बोलत नइयाँ. घड़ी तो आपके हाथ में थी. सच्ची बताओ, मैं ज़्यादा तेज़ चली थी का?"

हो म्हटलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

"नहीं," मी म्हणालो. "ठीक ही चली थीं."

तिचा चेहरा सैल झाला. चहाचे पैसे तिने मला देऊ दिले नाहीत. निघताना म्हणाली, "देवरानी से कह दूँगी, बाबूजी ने खुद बताया."

पुन्हा गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, काम सोडून मऊरानीपूरला मुलीकडे गेली. मऊरानीपूर काही लांब नाही, बसने दोन-अडीच तास. मी गेलो नाही.

घड्याळ सुरू करण्याआधी समोरच्या माणसाला सांगावं, आपण काय मोजतोय आणि कशासाठी. या धंद्यातून एवढंच शिकलो, तेही निवृत्तीनंतर.

हे मी मराठीत लिहिलं. झाशीत वाढलेल्या आमच्या मुलांना मराठी समजते, पण ती वाचत नाहीत. रामकलीला तर समजतही नाही. रिक्षात पाठ केलेलं वाक्य हिंदीत होतं: "रामकली, तुम तेज़ चली थीं, मुझे मालूम था, और मैंने लिखकर भी बदल दिया. माफ़ करना."