साडूची डबी

माझी गाडी आणि साडूची गाडी एकाच मॉडेलची. तरी जामखेडच्या रस्त्याला त्यानं मला असं मागं टाकलं, की शेजारी बसलेली बायको म्हणाली, "दाजींची गाडी लई पळते हो!"

त्यानं अ‍ॅक्सिलेटरला कसलीशी डबी बसवली होती. माझा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्याच दिवशी तसलीच डबी घ्यायला भिंगारच्या मेकॅनिककडं गेलो. तो हसला. "डबीनं ताकद वाढत न्हाई. थोडं दाबलं तरी इंजिनाला जास्त दाबल्यासारखं वाटतं, एवढंच. तुमी पायच जोरात दाबा."

रविवारी मी पाय पार तळाला टेकवला. गाडी खरंच सुसाट सुटली. मी ऐटीत बायकोकडं बघितलं.

"दाजींना एवढं दाबावं लागत न्हाई," ती म्हणाली.