सगळ्यांना मनाई, म्हणजे मलाही

ही गोष्ट मी घरी सांगायला घेतली की बायको आधीच हसायला लागते. हसू दे.

शेंद्र्याच्या कारखान्यात मी मालाची तपासणी बघतो. अहवाल एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर असतात. ती माझ्या कॉम्प्युटरला लावलेली आणि नेटवर्कवरून अख्ख्या मजल्याला खुली. एकदा कुणीतरी पलीकडून एका अहवालातला आकडाच बदलून ठेवला. कागदी नोंद बघून मी तो दुरुस्त केला, पण डोकं फिरलं ते फिरलंच. संध्याकाळी डिस्कच्या परवानग्या उघडल्या आणि ‘एव्हरीवन’समोर ‘डिनाय’वर ऐटीत टिचकी मारली. कॉम्प्युटरनं काहीतरी इशारा दिला. इशारे न वाचता ओके करायचा माझा वीस वर्षांचा सराव आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला ग्राहक कंपनीचे तपासनीस येणार होते. अहवाल दाखवता आले नाहीत तर भरलेला ट्रक फाटकातच अडणार. साडेनऊला डिस्क उघडायला गेलो, तर परवानगी नाही! काढून शेजारच्या कॉम्प्युटरला लावली, तर कुलूपही डिस्कसोबत तिकडं गेलेलं.

मग कॉम्प्युटर विभागातल्या बाईंना बोलावलं. चितेगावकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

“सर, सगळ्यांना मनाई केलीत?”

“हो, मुद्दामच.”

“मग तुम्ही सगळ्यांत नाय का?”

दुसरं कुणी असतं तर मजला गोळा केला असता. बाईंनी शांतपणे खुर्ची ओढली, डिस्कची मालकी आपल्या लॉगिनकडं घेतली, माझी मनाई काढली. दहा मिनिटांत अहवाल समोर! मी सुटकेचा निःश्वास टाकून उठलो.

“बसा सर. आता परत मोकाट सोडायचं का?”

वही घेऊन त्या टेबलाटेबलाशी गेल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न, “नुसतं बघायचंय, का लिहायचंय?” माझा जीव घड्याळात, त्यांच्या आवाजात घाई म्हणून नाही.

स्टोअरवाले कुरकुरले, “बघायला देता, तर बदलायला दिलं म्हणून काय बिघडतं?”

“माझे वडील लोकांच्या रानात मेंढ्या बसवतात, भाऊ. रानवाल्याला खत मिळतं. म्हणून तो लोकर कातरून घेतो का?”

“बरं, बघायलाच लिहा,” स्टोअरवाले म्हणाले. खरं तर इतकी वर्षं मीच सगळ्यांच्या हाती कातर देऊन बसलो होतो.

तपासनिसांनी बसल्या बसल्याच विचारलं, “हे अहवाल कोण कोण बदलू शकतं?” मी बाईंनी छापून दिलेली यादी पुढं केली. लिहायला तपासणीतले आम्ही दोघं, बाकीचे फक्त बघणारे.

“आणि परवानग्या कोण बदलतं?”

“फक्त त्या बाई.”

“तुम्ही नाही?”

“नाही,” मी म्हणालो. “कालपर्यंत बदलत होतो.”

ते हसले आणि सही केली. बाराच्या आत ट्रक फाटकाबाहेर पडला. एखादा अधिकार हातातून गेल्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.