बिनसिमेंटची भिंत

भीतीचं एक बरं असतं. एकट्याला वाटली की माणूस लपवतो, पण पाच-सहा जणांना मिळून वाटली की तिचे किस्से होतात! आमच्या साइटवर तर सगळेच एकजात भित्रे. चहाला बसलो की एकानं सुरू करायचं आणि बाकीच्यांनी मीठमसाला लावायचा. असं करत करत या एका भिंतीनं मला आयुष्यभर पुरतील एवढे किस्से दिले.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्यावर पूल व्हायचा होता आणि मी तिथं नवा साइट इंजिनियर. पुलावर चढणाऱ्या रस्त्याचा भराव दोन मजली घराएवढा उंच. त्याला नेहमीसारखा उतार दिला असता तर खालचं तात्यांचं घर जात होतं. पूर्वी मेंढरं राखणारं हे कुटुंब, आता ऊस आणि दोन म्हशी. तात्यांनी ऑफिसात खेटे घालघालून घर वाचवलं, म्हणून तिथं सरळ उभी भिंत घ्यायचं ठरलं. म्हणजे भिंत उभी राहिली तर घर राहणार, आणि नाही राहिली तर पहिली तात्यांच्याच अंगावर येणार!

*

आमचे मोठे साहेब पुण्याचे. त्यांनी तात्यांना प्रेमानं समजावलं, "हे काँक्रीटचे ब्लॉक नुसते एकावर एक रचायचे. मध्ये सिमेंट अजिबात नाही. मागं मातीचा थर, त्यावर जाळी, पुन्हा माती, पुन्हा जाळी. माती स्वतःच स्वतःला धरून ठेवते. ब्लॉक म्हणजे फक्त वरचं कातडं."

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे भितीनं काय धरायचं न्हाय?"

"नाही."

"आन् मातीनं मातीला धरायचं?"

"बरोबर!"

"मग आमाला कुणी धरायचं?"

साहेबांनी चहा मागवला.

*

जाळीचे गठ्ठे आले तेव्हा तर सगळी साइट भोवती गोळा झाली. काळी प्लास्टिकची जाळी! रोलर चालवणारे आमचे बापूराव म्हणाले, "ह्यात कांदं भरत्यात की वो!"

साहेबांना राग आला. त्यांनी जाळीची एक लांब पट्टी कापली आणि तात्यांना म्हणाले, "बांधा तुमची म्हैस हिला. तुटली तर भिंत बांधत नाही!"

तात्यांनी खरंच बांधली. एक टोक म्हशीला, दुसरं खुंटीला. म्हशीला पुढून पेंड दाखवली. म्हशीनं असा हिसडा दिला की खुंटी उपटून म्हैस थेट पेंडीवर. जाळीला मात्र ओरखडाही नाही! आम्ही टाळ्या पिटल्या.

तात्या खुंटीकडं बघत होते. "साहेब, जाळी कडक हाय, मानलं. तिचं दुसरं टोक तुमी कशाला बांधणार?"

"कशाला नाही. मातीतच असणार ते. वर एवढं वजन येतं, की..."

"खुंटीबी मातीतच हुती की!"

वजनाचं पुढचं सगळं साहेबांनी सांगितलं, कागदावर काढूनही दाखवलं. पण त्या रात्री मला झोप काही लागली नाही.

*

जड रोलर ब्लॉकच्या फार जवळ न्यायचा नाही, नाहीतर ब्लॉक बाहेर ढकलले जातात. म्हणून आम्ही मीटरभर आत चुन्याची रेघ मारायचो. रेघेपर्यंत रोलर, पुढं कडेला हातानं चालवायचं छोटं मशीन.

बापूरावांना उंचीची जबरदस्त भीती. भिंत कमरेएवढी होती तोवर माणूस गाणी म्हणत रोलर चालवायचा. ती डोक्याच्या वर गेली आणि गाणी बंद. एक दिवस बघतो तर रेघ चांगली तीन मीटर आत सरकलेली!

"बापूराव, ही रेघ कुणी मारली?"

"मीच की. तुमची पुसट झालती."

"अहो, मग कडेची माती दबणार कशी?"

"माती दबायची तवा दबंल. हितं माजं काळीज दबायला लागलंय!"

साहेब म्हणाले, असल्या भीतीवर एकच औषध. ते स्वतः रोलरवर चढून बापूरावांच्या शेजारी उभे राहिले. "चला, मी आहे ना! घ्या रेघेपर्यंत." रोलर निघाला. कड जवळ आली, खाली तात्यांचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं, आणि साहेबांनी बापूरावांचा दंड गच्च धरला.

"बापूराव," साहेब हळूच म्हणाले, "जरा आत घ्या."

*

मीही काही वाघ नव्हतो. रोज सकाळी आल्या आल्या वरून ओळंबा सोडायचा आणि भिंत सरळ आहे ना बघायचं, हे माझं काम. एका सकाळी दोरी भिंतीपासून चांगली चार बोटं लांब दिसली. भिंत झुकली! मी बोंब ठोकली आणि पळत सुटलो. बापूराव रोलरवरून उडी टाकून पळाले. तात्यांच्या घरातनं त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, सून, नातवंडं, म्हशी, सगळे रस्त्यावर. काकूंच्या हातात पिठाची परात तशीच.

बापूरावांनी लांबूनच बोट दाखवलं. वर ओळंब्याची दोरी बाहेर राहिलेल्या जाळीच्या टोकाला अडकली होती.

मी दोरी सोडवली. ती भिंतीला जशी हवी तशी टेकली. काकू परात घेऊन माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी परात खाली ठेवली.

"बाबा, तू मापं घेणारा मानूस," त्या म्हणाल्या. "तूच असा पळाला, तर आमी रातीचं डोळं कसं मिटायचं?"

त्या दिवशीचा डबा मी तसाच परत नेला.

*

भिंत पूर्ण झाली. उसानं भरलेले ट्रक रस्त्यावरून जाणार, तर तात्यांची खात्री पटावी म्हणून साहेब त्यांच्या अंगणात, भिंतीच्या अगदी खाली, खुर्ची टाकून बसले. वरून पहिला ट्रक धडधडत गेला. दुसरा गेला. भिंतीनं हूं का चूं केलं नाही. साहेब डोळे मिटून बसलेले.

तात्या कौतुकानं म्हणाले, "काय धीराचा मानूस! झोप लागली जणू."

"झोप कसली," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "गेला का तिसरा?"

*

पण खरा किस्सा परतीच्या पावसातला. दोन दिवस झड लागलेली. सकाळी सकाळी बापूराव बारामतीला माझ्या खोलीवर हजर. "चला. भितीला पोट आलंय!"

साहेबांना घेऊन आम्ही जीपनं पोचलो. तात्यांच्या अंगणासमोर ब्लॉक वीतभर पुढं आले होते. या वेळी ओळंब्याची गरजच नव्हती. साहेब पांढरेफटक पडले.

"पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं.

आत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीच्या तळाशी पाइप सोडलेला होता. एवढ्या पावसात तो भळाभळा वाहायला हवा. त्याच्या तोंडावर सिमेंटचा गोळा, वर ब्लॉकमधल्या फटीही हात पोचेल तिथवर सिमेंटनं बुजवलेल्या.

"मीच केलंय," तात्या म्हणाले. "तुमी सिमेंट घातलं न्हाय, म्हनून आमी भरलं. पायपातनं सारखं टपटप व्हायचं. वाटायचं, आतली माती वाहून चाललीया, भीत पोकळ व्हतीया. घाबरून केलं वो!"

"सगळे बाहेर! वरचा रस्ता बंद करा!" साहेब ओरडले. काकू, पोरं, म्हशी शाळेकडं धाडली. साहेबांनी पहार उचलली, तर तात्यांनी ती हिसकावून घेतली.

"सरका. तोंड मी बुजवलंय, मीच फोडनार."

आम्ही लांब उभे. मी बापूरावांचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही. तात्यांनी घाव घातला. दुसरा घातला. वर ब्लॉक टक्कन वाजले. तिसऱ्या घावाला गढूळ पाण्याचा असा लोंढा सुटला की तात्या उताणे! भिंत कण्हल्यासारखी कुरकुरली आणि थांबली. पाणी वाहतच राहिलं.

साहेबांनी सांगितलं, पाणी वाहतंय तोवर ठीक, थांबलं की समजायचं आत पुन्हा तुंबलं. पाऊस उघडला की एवढा भाग उतरवून पुन्हा बांधू. तोवर कुणीही घरात थांबायचं नाही.

दिवेलागणीला भिंत बघायला गेलो, तर तात्या परत आलेले. बाज अंगणात, पाइपाच्या तोंडाशी. डोक्यावर गोणपाट घेऊन आडवे झालेले आणि दोन्ही पाय त्या गार पाण्याच्या धारेखाली.

"तात्या, उठा आधी! हे काय करताय?"

"म्हशींना शाळंत न्हाय निवारा, त्यास्नी परत आनलंय. कुनीतरी थांबाय पायजे."

"अहो, पण पाय तरी बाजूला घ्या. गारठाल!"

"ऱ्हाऊ दे. वलं हायत तवर झोपतो. कोरडं पडलं, की पळतो."