घरातली रेंज

आईच्या जुन्या बटनांच्या फोनला गावात एकाच ठिकाणी रेंज यायची, आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर. संध्याकाळची वंदना झाली की ती तिथंच टेकायची आणि मला फोन लावायची. हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या माझ्या खोलीत दिवसभरातलं मराठी तेवढंच. ऑफिसात तेलुगू, रस्त्यावर हैदराबादी हिंदी. वडील गेल्यापासून आई तिकडं एकटी आणि मी इकडं.

एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी चुलतभावानं त्याच्या फोनवरून कळवलं, की कंपनीनं गावाकडचं जुनं नेटवर्क काढून टाकलंय, बटनांचा फोन आता खेळण्यातला झाला.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. त्यामुळे फोन घ्यायचा तर नीट तपासूनच घ्यायचा, हे ठरलेलं. नवा घेतला असता तर आईनं तो लुगड्यांच्या पेटीत ठेवला असता, म्हणून सेकंडहँड. चुलतभावाला एक ॲप टाकायला लावलं. गावात एकाच कंपनीचा टॉवर पोचतो आणि तोही लहरींच्या एकाच पट्ट्यावर, पाच नंबरच्या बँडवर, हे त्यात दिसलं. तो बँड हँडसेटमध्ये नसेल तर फोन कितीही देखणा असो, आईला काही उपयोग नाही.

माझं कॉलेज कोठीला लागूनच, जामबागेत होतं, त्यामुळे कोठीचा मोबाइल बाजार पायाखालचा. दुकानदारानं पहिलाच फोन पुढं सरकवला.

"दुबई का पीस है मॅडम. एकदम मख्खन."

मी सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर काढला आणि माझ्या फोनवर शोधला. पाच नंबर नव्हता. "ये नक्को. हमारे गांव में नहीं चलता."

"अरे, हैदराबाद में तो दौड़ता!"

"अम्मा हैदराबाद में नहीं रहती."

तो हसला आणि दुसरा फोन काढला. यात बँड होता. मी माझं सिम काढून त्यात घातलं. रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या. पण कोठीत त्या भरणारच, तिथं छपराछपरावर टॉवर. म्हणून मी विचारलं, खाली सेलार आहे का? इमारतीखालच्या पार्किंगला इकडं सेलार म्हणतात. जाड भिंतींआड फोन टिकला तर गावातल्या घरातही टिकेल, असा माझा हिशोब.

"लोगां नेटवर्क ढूंढने बाहर निकलते, आप अंदर जा रै," तो म्हणाला. "जाओ. घर में किसी को लगा के देखो."

सेलारमध्ये गाड्यांच्या मधोमध उभी राहिले. दोन काड्या होत्या. आता कोणाला लावायचा? माझ्या फोनातली नावं वरखाली केली. ऑफिसातल्या कोणाला लावून काय सांगणार, की सहज केला? बऱ्याच वर्षांच्या शहरात, सहज फोन करावा असं एक नाव सापडेना. परत वर गेले आणि दुकानदाराचाच नंबर मागितला. त्यानं लगेच दिला.

खालून लावला. तो आवाज बारीक करून म्हणाला, "हां बेटा, मैं अम्मा बोल री. खाना खाई क्या?"

मला हसू आलं. "खाई," म्हणाले. खाल्लं नव्हतं.

"आवाज बराबर आ रा?"

"बराबर."

सुट्टीत गावी जाऊन फोन आईच्या हातात दिला. घरात, चुलीपाशीसुद्धा, दोन काड्या. मला परीक्षेत पहिली आल्यासारखं झालं. "आता पायरीपर्यंत जायला नको," मी ऐटीत सांगितलं.

हैदराबादला परतले आणि आईचा फोन रोज घरातून येऊ लागला. आवाज स्वच्छ. पण बोलणंच होईना.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"जेवले की." मग काही नाही. मागं भांड्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. ते घर इतकं सुनं आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पायरीवरच्या फोनात तर आईला बोलूच द्यायच्या नाहीत वंदनेला आलेल्या बायका. कोणी ओरडायचं, "इचार तिला, जावई कधी दावती!" आई त्यांना झापायची, मग मला सांगायची की का झापलं. आमचं निम्मं बोलणं त्यातूनच निघायचं.

"आई, विहारात जात नाहीस का?"

"जाते की. फोन पेटीत ठिवून जाते. येवढा महागाचा, कुणी ढापला तर?"

"सेकंडहँड आहे गं तो."

"आसंल. तू आणलाय."

"उद्यापासून पायरीवर घेऊन जा. तिथूनच लाव."

"आगं, घरात रेंज येती की आता! तूच तर म्हनलीस."

"येऊ दे. तू तिथूनच लाव."

मग म्हणाली, "बरं. मलाबी घरातून बोलायला सुचत न्हाई काही."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला आणि आईच्या आधी दुसऱ्याच बाईचा आवाज, "काय गं हैद्राबादवाले, काय केलंस आज?"

"भात."

"रोजच भात! भाकरी इसरली ही!"

मागं हशा. आई म्हणाली, "आगं सरका की जरा, मला बोलू द्या."

कोणी सरकलं नाही. आता मी ताट वाढून घेते, फोनचा स्पीकर लावून शेजारी ठेवते आणि जेवते. वंदनेच्या वेळेपर्यंत भूक धरून ठेवावी लागते, तेवढंच.