वेंडेल स्कॅग्जची काडतुसं

पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या गावात हार्डवेअरचं एकच दुकान होतं. पुढे खिळे, रंग, कोंबड्यांचं खाद्य आणि मागच्या काउंटरवर काडतुसं. तो काउंटर लोरेटा साइझमोर सांभाळायची. वेंडेल स्कॅग्ज तिच्या वडिलांचा खाणीतला जोडीदार, आता निवृत्त. काडतुसं कधी भरून ठेवावीत हे सगळं गाव त्याला विचारायचं.

"हरणांच्या शिकारीचा हंगाम सरला की घ्या," तो सांगायचा. "दुकानदाराला माल अंगावर नको असतो. निवडणुकीच्या तोंडावर घेईल तो वेडा. तेव्हा काडतुसं नाही, भीती विकत मिळते."

त्या वर्षी निवडणूक आली आणि बंदुका-काडतुसांवर बंदी येणार अशी आवई उठली. भाव बघता बघता दुप्पट झाला. माणशी एकच खोका, असं लोरेटाला ठरवावं लागलं. आणि एका सकाळी रांगेत वेंडेल उभा!

"तुम्ही? आणि या भावाला?" लोरेटा हसली. "लोकांना वेडं कोण म्हणायचं हो?"

रांगेत हशा पिकला. वेंडेल हसला नाही. "थर्टी-थर्टी रायफलच्या काडतुसांचा खोका दे. संपत चाललीत म्हणे."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तोच खोका मागितला.

"कालच नेलात की."

"काल मी आलोच नव्हतो."

"ए म्हाताऱ्या, आम्हाला ठेवशील का काही?" मागून कोणीतरी ओरडलं. लोरेटाला मात्र एक आठवलं. थर्टी-थर्टीची रायफल वेंडेलने गेल्या वर्षीच तिच्या भावाला, डार्लला विकली होती. तिने खोका परत काउंटरखाली ठेवला.

"आज नाही देत मी."

"तुझ्या बापाला खाणीच्या ढिगाऱ्यातून मी ओढून काढलंय, पोरी!" वेंडेलचा आवाज चिरकला. तो तसाच निघून गेला.

दुकान बंद करून लोरेटा त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, ओपलने, तिला तळघर दाखवलं. गोधड्यांखाली तसलेच खोके, थरावर थर, आसपासच्या गावांतून आणलेले.

"दाराशी बंदूक घेऊन बसतो," ओपल म्हणाली. "कोणी येतंय म्हणतो. परवा मी परसातून आत आले, तर माझ्यावरच..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

रविवारी वेंडेल चर्चमध्ये असताना लोरेटा आणि डार्लने बंदुका आणि खोके ट्रकमध्ये भरले. पुढच्या रविवारी त्याने चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, लोरेटाला चोर म्हटलं. अर्ध्या गावाने त्याचीच बाजू घेतली. जिवंत माणसाच्या बंदुका उचलायच्या म्हणजे काय! काही गिऱ्हाइकं तुटली. हिवाळाभर वेंडेल तिच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसली की तोंड फिरवायचा.

बर्फ वितळल्यावर एका दुपारी त्याचा फोन आला. "ओपल बाजारात गेलीय. लगेच ये."

तो शेडपाशी उभा होता. आत नेऊन त्याने एक फळी सरकवली आणि मागून जुनी शॉटगन काढली.

"ही राहिली होती. माझ्या बापाची. ओपलला ठाऊक नाही."

"वेंडेलकाका..."

"ऐकून घे. आज डोकं ठिकाणावर आहे, उद्याचं सांगता येत नाही." त्याने काडतुसं काढून तिच्या तळहातावर ठेवली. "ओपल कोण हे ज्या दिवशी मला कळणार नाही ना, त्या दिवशी ही माझ्या हाताशी नको."

त्याने बंदूक पुढे केली, पण दस्त्यावरचा हात काही सुटेना. लोरेटाने ओढली नाही. तशीच धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने त्याची बोटं सैल पडली.

"जा आता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ती यायच्या आत जा."

ट्रक वळणापर्यंत गेला आणि लोरेटाने तो कडेला घेतला. ओपल समोरून आली तर दिसू नये म्हणून तिने बंदूक सीटखाली सरकवली.