मावशींनी न दिलेलं वाक्य

जुन्या नाटकांतल्या नायिकांची खरी काळजी साऱ्या सोलापुरात एकाच व्यक्तीला आहे, आणि ती म्हणजे माझ्या मावससासूबाई. त्या नायिका ज्यांनी लिहिल्या त्यांनीसुद्धा त्यांची एवढी विचारपूस केली नसेल. कुर्डुवाडीला रेल्वेच्या तिकीट खिडकीत नोकरी करता करता मावशींनी शेकडो नाटकं वाचली आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहून ठेवला, 'तवर ही काय करती?' तवर म्हणजे नायक दोन पानांचं भाषण ठोकत असतो तोवर. एकदा त्यांनी ते भाषण मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि स्वतः मान खाली घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोर उभ्या राहिल्या. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, पाय भरून आले की माझे. अन् ह्या बाईला वर लाजायचं पण हाय!" नायिका बेशुद्ध पडली की त्यांचा जीव वरखाली होतो. "पहिल्या अंकापास्नं उपाशी हाय ती. कुणी जेवलीस का म्हणून विचारलंय? भाकरी अन् शेंगाचटणी दिली असती तर उभी राहिली असती की!"

अशा बाईंना मी आमच्या हौशी मंडळाच्या नाटकाला प्रॉम्प्टर नेमलं. दुसऱ्या कुणाला पुस्तक इतकं पाठ नव्हतं, एवढंच माझं समर्थन. नाटक जुनं, संगीत. नवरा दोन अंक दुसरीकडे राहून तिसऱ्यात परत येतो आणि बायको त्याला एका वाक्यात क्षमा करते. नायिका बँकेतली मुलगी, आवाज गोड पण पाठांतर कच्चं, सगळी भिस्त विंगेतल्या मावशींवर. समोर स्पर्धेचे परीक्षक बसलेले. आठ वर्षांत पहिल्यांदाच आमचा नंबर येईल असं वाटत होतं. नवऱ्यानं हात जोडले. नायिकेनं विंगेकडे पाहिलं. मावशींनी शांतपणे पुस्तक मिटलं. मी पलीकडच्या विंगेतून हातवारे करून घामाघूम झालो. शेवटी ती मुलगी म्हणाली, "मला जरा वेळ द्या," आणि आत निघून आली. नवरा तसाच हात जोडून उभा. त्यानं पुढे काय करायचं हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आमचा नंबर गेला.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेलो, जावयाला सासूशी भांडता येतं तेवढं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कॉलेजात हीच भूमिका मला मिळाली होती. पाच आठवडे तालमी केल्या. लग्न ठरलं, सासरी चालणार न्हाई म्हणाले, अन् प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुसरीला उभं केलं. मी लगेच सगळ्यांना माफ करून टाकलं बघा. माफी कुणी मागितली पण नव्हती."

मला फार वाईट वाटलं. घरून जुळवून आणलेली भांडणाची वाक्यं मी बाजूला ठेवली. सासरचे ते लोक आता राहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं मीच म्हटलं, "मावशी, चुकलंच आमचं."

त्यांनी डोळे पुसले आणि हसल्या. "बघू की," म्हणाल्या, "घाई काय हाय?"

त्याला वर्ष होत आलं. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, आणि मीही विचारत नाही.